मुक्कामाची सोय : क्षेत्रोपाध्यायांच्या वहीपासून ‘तत्सम हॉटेला’पर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या काशीयात्रेचे वर्णन मी लिहून द्यावे, अशी सूचना संपादक भगिनींनी केली. सूचना मान्य केली खरी. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, गंगेचे घाट, विश्वेश्वराचे दर्शन आणि तेथील गल्ल्याबोळ यांचे वर्णन मजहून कितीतरी समर्थ लेखण्यांनी करून ठेवले आहे. आम्ही बाराजणी परत आलो त्या मात्र एक वेगळीच शिदोरी घेऊन. ती शिदोरी म्हणजे राहण्याच्या सोयीवरून झालेला मनस्ताप. त्या मनस्तापाचा उगम शोधता शोधता मी इतिहासाच्या पुस्तकांत शिरले, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. प्रवासवर्णनाची अपेक्षा करणाऱ्या भगिनींनी क्षमा करावी.

प्रथम प्रसंग सांगते. आमच्या बाराजणींत एक वयोवृद्ध भगिनी होत्या. नाव छापू नये असा त्यांचाच आग्रह आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे कांड्या भरून त्यांनी मुले वाढविली, आणि भिशीतून बाजूला टाकलेल्या पैशांत काशीला जावयाचे ठरविले. त्यांची इच्छा एकच : पहाटे डोळे उघडले की खिडकीतून गंगा दिसावी. सहल काढणाऱ्याच्या पत्रकात ‘घाटाजवळील हॉटेल’ असे ठळक अक्षरांत छापले होते, सोबत सुंदर चित्रही होते. सर्व रक्कम निघण्यापूर्वी महिनाभर आधी भरून घेण्यात आली. प्रत्यक्षात आम्हांला उतरविले ते शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर. तिघींच्या खोलीत चौघी, चौथीची गादी जमिनीवर, खोली तिसऱ्या मजल्यावर आणि पाळणा बंद. ज्यांचे गुडघे दुखत होते त्या बाई एकदा वर चढल्या की पुन्हा उतरावयास धजत नसत. तीन दिवसांत त्यांना गंगा एकदाच दिसली.

बरोबरच्या मार्गदर्शकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, पत्रकात खाली ‘किंवा तत्सम’ असे लिहिले आहे.” हॉटेलच्या व्यवस्थापकाला विचारले, तर तो म्हणाला की, कंपनीने जो दर ठरविला त्यात एवढेच बसते. परत येऊन कंपनीच्या कचेरीत विचारले, तेव्हा चूक हॉटेलवाल्याची ठरली. पैसे घेतले एकाने, खोली दिली दुसऱ्याने, आणि उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते. ही गोष्ट नवी की जुनी, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घोळू लागला.

भिवंडीकरांना परस्थ माणसांच्या मुक्कामाची गोष्ट अपरिचित नाही. कामवारीच्या खाडीवरचे हे एके काळचे बंदर. मुंबईहून नाशिककडे जाणारा जुना आग्रा रोड आपल्या गावातूनच गेला. तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी केलेल्या नवसाचे म्हणून प्रसिद्ध आहे. वसई १७३९ साली पडली. देवीच्या दर्शनाला आणि अकलोली, गणेशपुरी येथील उन्हाळ्यांत स्नानाला येणारी माणसे तेव्हापासून या वाटांनी येत आहेत. आज जसे आपण परगावी पाहुणे होतो, तसे आपले गाव शतकानुशतके पाहुण्यांचे यजमान होते.

आगगाडीपूर्वी काशीची यात्रा म्हणजे महिनेन् महिने पायपीट. वाटेत धर्मशाळा, देवळाची ओवरी किंवा एखाद्या गृहस्थाची पडवी, आणि क्षेत्री पोचल्यावर क्षेत्रोपाध्यायांचे घर. या उपाध्यायांकडे वह्या असत. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे, कोणाचे पुत्र, कोणाचे नातू, कोण केव्हा येऊन गेले, हे सर्व तीत लिहिलेले. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला किंवा गयेला ज्यांनी आपल्या पणजोबांची सही पाहिली असेल, त्यांना त्या क्षणाचे अप्रूप सांगावयास नको. वही हे भक्तीचे साधन होते तसे व्यवसायाचेही होते. ज्याच्या वहीत आपले कूळ, तो आपला उपाध्याय, आणि आपण त्याचे यजमान.

या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे नाही. दक्षिणेसाठी अडवणूक होई, संकल्प सोडताना आकडा वाढविला जाई, भोळ्या माणसाकडून ऐपतीबाहेरचे दान वदवून घेतले जाई. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उपाध्याय आधी ठेवून घेई, जेवू घाली, विधी करी. दक्षिणेचा मोठा भाग शेवटी. पुरीसारख्या क्षेत्री तर जवळचे पैसे संपलेला यात्रेकरू पंड्याला कागद लिहून देई आणि त्याची वसुली पुढे होई. म्हणजे उधारीचा धोका पंड्याच्या अंगावर होता. शिवाय या यजमानाचा मुलगा आणि नातू पुन्हा आपल्याच दारी यावा, ही त्याला काळजी. आज आपण सर्व पैसा आधी देतो आणि ज्याला दिला त्याचे तोंडही पुष्कळदा पुन्हा पाहत नाही. धोका आता कोणाच्या अंगावर आला, हे वेगळे सांगावयास नकोच.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांची हकीगत ‘माझा प्रवास’ या नावाने भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली. वाटेत लुबाडले जाऊनही आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड घेऊन हा मनुष्य घरी परतला. त्या काळी वृद्ध आईवडिलांनी काशीला जाणे किती दुर्घट होते, हे त्या कावडीवरून कळते. गंगा त्यांच्या दारी आणावी लागली. आमच्या त्या बाई गंगेच्या गावी गेल्या, पण तिसऱ्या मजल्यावर अडकून पडल्या.

यात्रेकरूच्या निवाऱ्याची दुसरी परंपरा धर्मशाळेची. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर उभारले हे सर्वश्रुत आहे. पण देशभर त्यांनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा उपयोग किती थकल्या जिवांना झाला असेल याची गणती नाही. पुढे आपल्या काळाजवळ गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी हातात खराटा घेऊन, लोकांकडून निधी जमवून नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना इतरत्र उंबऱ्याच्या आत घेत नसत त्यांच्यासाठी होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. धर्मशाळेत पैसा देणारा दाता कोणी वेगळाच, आणि तोही आधीच देऊन मोकळा झालेला. उतरणाऱ्याला चटई मिळो की घोंगडी, फसवणूक होण्याचे कारण नव्हते. परंतु सोयीची अपेक्षाही तेथे कोणी करीत नसे.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, आणि १८७० मध्ये जबलपूर-अलाहाबादमार्गे मुंबई व कलकत्ता जोडले गेले. महिन्यांची वाट दिवसांवर आली. यात्रेकरूंची संख्या वाढली आणि त्याबरोबर त्यांच्या निवाऱ्याचा बाजार मांडला गेला.

या बाजाराचे सर्वांत बोलके चित्र जगन्नाथपुरीचे आहे. सर विल्यम हंटर यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओरिसावरील ग्रंथात पंड्यांच्या हस्तकांचे वर्णन आहे. रथयात्रेपूर्वी हे लोक बंगालच्या खेड्याखेड्यांतून फिरत. गावातले पुरुष शेतावर गेले की ते घराघरांत शिरून बायकांशी बोलत, पुण्याच्या गोष्टी सांगत आणि त्यांची मने यात्रेकडे वळवीत. त्या काळी पुरीला जाणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच असत. वाटेवर गोड बोलणारा हा मनुष्य पुरीला पोचताच त्यांना एखाद्या बिऱ्हाडात नेऊन सोडी. तेथे खिडकी नसलेल्या, ठेंगण्या, ओल्या खोल्यांत माणसे दाटीवाटीने कोंबलेली असत आणि पटकीची साथ ठरलेली. हे वाचताना मला आमच्या पत्रकातले ते सुंदर चित्र आठवल्यावाचून राहिले नाही. शंभर-दीडशे वर्षांत साधन बदलले. परंतु न पाहिलेल्या खोलीचे वर्णन करून बायकांना घराबाहेर काढणे ही कला तीच राहिली.

पुरीच्या या स्थितीवर सरकारने कायदा केला. १८७१ च्या त्या कायद्याने यात्रेकरूंना ठेवून घेणाऱ्या घरांना परवाना सक्तीचा झाला आणि एका घरात किती माणसे ठेवावयाची याला मर्यादा घातली गेली. कायद्याचे लक्ष मुख्यतः रोगराईवर होते, यात्रेकरूच्या समाधानावर नव्हे. तरीही खोली भाड्याने देणाऱ्याला कोणीतरी जाब विचारू शकतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले, आणि ते महत्त्वाचे आहे.

याच सुमारास विलायतेत सहलीचा आधुनिक धंदा आकार घेत होता. थॉमस कुक हा मूळचा दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर गावाहून लफबरो येथील मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे पाचशे लोकांना आगगाडीने नेले. लोकांना व्यसनापासून दूर ठेवावे हा त्याचा हेतू, आणि पुढे त्यातून जगभर पसरलेला व्यवसाय उभा राहिला. १८६८ च्या सुमारास त्याने हॉटेलची कुपने काढली. प्रवाशाने पैसे कुककडे भरावयाचे, परगावच्या हॉटेलात नुसते कुपन द्यावयाचे, आणि हॉटेलने आपली रक्कम कुककडून घ्यावयाची. परक्या मुलुखात भाषा न जाणणाऱ्या प्रवाशाला ही सोय म्हणजे मोठा दिलासा होता. पण पैसे घेणारा एक आणि खोली देणारा दुसरा, ही आजची रीतही त्या कुपनापासूनच रूढ होत गेली. जोवर मधला मनुष्य प्रामाणिक तोवर ही रीत सोन्यासारखी. तो डळमळला की प्रवासी दोन्ही बाजूंनी अनाथ.

कुकच्या कंपनीने १८८१ मध्ये मुंबईस कचेरी उघडली. पुढची हकीगत आपल्या मोहल्ल्यांतील शेजारणींच्या जिव्हाळ्याची आहे. हजला जाणाऱ्यांचे हिंदुस्थानातील मोठे बंदर मुंबई. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले यात्रेकरू बोटीची वाट पाहत मुंबईत दिवसचे दिवस पडून राहत आणि तिकिटांच्या दलालांच्या हाती सापडत. दर वाढवून सांगणे, बोटीत मावतील त्याहून अधिक माणसे भरणे या तक्रारी इतक्या वाढल्या की, १८८६ मध्ये सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था कुकच्या कंपनीकडे सोपविली. काही वर्षांतच ती व्यवस्था बंद पडली आणि दलाल उरलेच. यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी मुंबईत दानशूर मुसलमान व्यापाऱ्यांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दिक मुसाफिरखाना त्यांपैकीच. मुंबई-जेद्दा बोटीची यात्रा १९९५ पर्यंत चालू होती. त्यानंतर विमान आले, हज कमिटीच्या जोडीला सरकारी नोंदणी असलेले खाजगी सहलवाले आले. ‘हरमपासून इतक्या अंतरावर खोली’ हे शब्द आमच्या ‘घाटाजवळील हॉटेला’चे सख्खे भाऊ आहेत, हे माझ्या शेजारणीने मला हसत हसत सांगितले. देव वेगळा, वाट वेगळी, पण दुःख एकच.

येथे सहलीच्या धंद्यावर मी सरसकट ठपका ठेवीत आहे असे कोणी समजू नये. स्वातंत्र्योत्तर काळात एस.टी. आली, १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे मराठी माणसांनीच काढलेल्या सहल कंपन्या नावारूपास आल्या. पिठलेभाकरीसुद्धा बरोबर नेणाऱ्या या सहलींमुळे ज्या स्त्रियांना पूर्वी पुरुषमाणसाच्या सोबतीवाचून गाव ओलांडता येत नसे, त्या काश्मीर आणि कन्याकुमारी पाहून आल्या. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु एकट्या बाईने नाव नोंदविले की तिला एकतर जादा पैसे मोजावे लागतात किंवा अनोळखी बाईबरोबर खोली घ्यावी लागते. विधवा आणि अविवाहित भगिनींना हा भुर्दंड वर्षानुवर्षे पडत आला आहे. खोलीचा हिशोब जोडप्याच्या मापाने केला जातो, हे त्याचे कारण.

आता फसलेल्या सहलीची दाद कशी मागावयाची? या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर इंग्लंडातील न्यायालयाने दिले आहे. जार्व्हिस नावाच्या एका वकिलाने १९६९ च्या नाताळात स्वित्झर्लंडमधील एका खेड्यात पंधरा दिवसांची सहल घेतली. किंमत सुमारे ६३ पौंड. पत्रकात घरगुती मेळावा, संगीताची संध्याकाळ, इंग्रजी बोलणारा यजमान अशी आश्वासने होती. पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे होते. दुसऱ्या आठवड्यात हा गृहस्थ संपूर्ण हॉटेलात एकटा. यजमानाला इंग्रजी येत नव्हते, आणि गाणारा म्हणून जो आला तो कामाच्या कपड्यांतच येऊन चार-पाच गाणी म्हणून निघून गेला. खालच्या कोर्टाने त्याला सुमारे अर्धी किंमत देवविली. तो अपिलात गेला, आणि १९७२ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने भरपाई १२५ पौंडांवर नेली. म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. कारण असे की, सहलीत मनुष्य केवळ खाट आणि जेवण विकत घेत नाही, आनंद विकत घेतो. तो हिरावला गेला तर त्याचीही भरपाई झाली पाहिजे. हा निर्णय वाचला तेव्हा मला त्या बाईंच्या खिडकीची आठवण झाली.

मधला मनुष्य डळमळला म्हणजे काय होते, हेही जगाने नुकतेच पाहिले. कुकने स्थापिलेली ती विलायतेतील कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशी अडकले आणि त्यांना परत आणण्याची व्यवस्था सरकारला करावी लागली. (त्याच नावाची आपल्या देशातील कंपनी त्यापूर्वीच वेगळ्या मालकीची झालेली होती, तिचा या बुडण्याशी संबंध नव्हता.) त्या प्रवाशांना सुखरूप घरी येता आले, कारण सहलीच्या पैशाला संरक्षण देणारी व्यवस्था तेथे आधीपासून होती.

आपल्याकडे ग्राहकाच्या हक्काची जाणीव वाढविण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी मुंबईत महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचा भार गृहिणींनीच वाहिला. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि २०१९ चा नवा कायदा २०२० पासून अमलात आला. त्यानुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीची कचेरी कोठेही असो. वकील सक्तीचा नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आम्हीही याच वाटेने गेलो. पण तक्रार लिहावयास बसलो तेव्हा कळले की, आमच्या पावतीवर रकमेखेरीज काहीच नाही. हॉटेलचे नाव नाही, खोलीत किती जणी हे नाही, घाटापासूनचे अंतर नाही. सुदैवाने एका भगिनीने ते पत्रक पोथीत घालून ठेवले होते. त्या कागदाच्या आधारावर पत्रे गेली. प्रथम पुढील सहलीत सूट देण्याचा देकार आला, तो आम्ही नाकारला. शेवटी प्रत्येकीला काही रक्कम परत मिळाली. ती रक्कम हाती घेऊन आमच्या त्या वृद्ध भगिनी एवढेच म्हणाल्या, “पैसे आले गं, खिडकी काही आली नाही. माझं आता व्हायचं ते झालं. पुढच्या बायांचं नीट बघा.”

त्यांचे हे शब्द शिरोधार्य मानून मंडळाने एक वही घातली आहे. पूर्वी क्षेत्रोपाध्याय यजमानांची वही ठेवीत. आता यजमानांनीच वही ठेवावी. कोणती सहल, किती पैसे, ते केव्हा भरले, मुक्काम कोठे सांगितला होता आणि कोठे मिळाला, खोलीत किती जणी, पाळणा चालू होता की नव्हता, एकट्या बाईकडून जादा काय घेतले, हे प्रत्येक भगिनीने परत आल्यावर त्यात लिहावयाचे. चांगली सोय झाली असेल तर तेही अगत्याने लिहावे. न्याय दोन्ही बाजूंनी असावा. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलचे नाव लेखी मागावे, ‘किंवा तत्सम’ या दोन शब्दांचा अर्थ विचारून तोही लेखी घ्यावा, आणि पत्रक पोथीत ठेवावे.

वही मंडळाच्या कपाटात, हळदीकुंकवाच्या हिशोबाच्या वहीशेजारी आहे. पहिले पान आमच्या त्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. दुसरे पान कोरे आहे. येत्या दिवाळीत काही भगिनी दक्षिणेच्या यात्रेस निघणार असे ऐकते. जाण्यापूर्वी त्यांनी पहिले पान वाचून जावे आणि परत आल्यावर दुसरे भरावे, एवढीच विनंती.